मिठाची डहाळी

फार फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं ते आता कुणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी उपयोग नाही, कारण राजा काही या गोष्टीत येत नाही.

त्या राज्याच्या अगदी कडेला, जमीन संपून जिथे खाडी सुरू होते तिथे, एक गाव होतं. गावाला शेतं नव्हती, बागा नव्हत्या. होती ती मिठागरं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, खाली राहिलेलं मीठ ओढायचं आणि बांधावर त्याची रास घालायची, एवढंच तिथल्या माणसांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की पावलांना भेगा पडतात, आणि त्या भेगांत पुन्हा मीठच जातं. संध्याकाळी माणसं घरी परतायची तेव्हा त्यांच्यात बोलण्याचं त्राण उरलेलं नसायचं. जेवायचं आणि आडवं व्हायचं.

मात्र अष्टमीला खाडीचं पाणी फारसं चढत नाही. भरती येते, पण दमलेल्या माणसासारखी अर्ध्या वाटेतूनच मागे फिरते. म्हणून दर अष्टमीला मिठागरांना सुट्टी असे.

त्या गावात दुरपदा नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा तापाने गेला तेव्हा ती तरुणच होती, आणि पदरात मूल नव्हतं. नवरा गेल्यावरची पहिली अष्टमी आली, तेव्हा तिला ते रिकामं घर खायला उठलं. ती अंगणात उंडीच्या झाडाखाली येऊन बसली आणि खाडीवरून आणलेले शिंपले दोऱ्यात ओवायला लागली. काहीतरी करायचं म्हणून, हातांना चाळा म्हणून.

शेजारच्या हौसाने ते पाहिलं. हौसा तेव्हा नुकतीच लग्न होऊन गावात आलेली. ती येऊन जवळ बसली. मग हौसा काहीतरी गुणगुणायला लागली.

"कुणाचं गाणं गं हे?" दुरपदाने विचारलं.

"कुणाचं नाही," हौसा लाजून म्हणाली. "मीच जुळवलंय. उगीच आपलं. वेडंवाकडं आहे."

"पुन्हा म्हण," दुरपदा म्हणाली.

एवढंच झालं. पण हौसाला आजवर 'पुन्हा म्हण' असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढच्या अष्टमीला ती आणखी दोन ओळी घेऊन आली, आणि सोबत जावेला घेऊन आली. जाऊ तांदळाच्या पिठाची चिमुकली पाखरं करायची. मग राघोआबा आले. ते ढोलकं वाजवत, पण घरात सुनेला आवाज सोसत नसे. मग कुणी गवताच्या होड्या वळणारा आला, कुणी नकला करणारा आला. कुणाला तर काय करायचंय तेच ठाऊक नव्हतं. तो नुसता येऊन बसे, आणि कधीतरी त्याचेही हात हलू लागत.

गावात त्याला कुणी मोठं नाव दिलं नाही. "आज बसायचं ना?" एवढंच एकमेकांना विचारत. बसणं म्हणजे दुरपदाच्या अंगणातलं बसणं.

तिथे एकच रीत होती. जे आणाल ते अर्धवट असलं तरी चालेल, पण आणलेल्या वस्तूला कुणी हसायचं नाही. ही रीत कुणी ठरवली नव्हती. दुरपदा कधी कुणाच्या कामाला हसत नसे, म्हणून इतरही हसत नसत.

आता मुलांनो, आणि मुलांच्या आजी-आजोबांनो, इथवर गोष्ट गोड आहे. पण वर्षं गेली. हौसाच्या मुलांना मिशा फुटल्या. अंगणात मावायची नाहीत इतकी माणसं येऊ लागली. आणि माणसं आली की त्यांना पाणी लागतं.

खाडीकाठच्या गावात गोडं पाणी कुठलं? विहीर होती ती डोंगराच्या पायथ्याशी, लांब. अष्टमीच्या आदल्या दिवशी मिठागरावरून परतल्यावर दुरपदा हंडे घेऊन त्या वाटेला लागायची. दोन-तीन खेपा करायची. पहाटे उठून अंगण झाडायची, सारवायची. मोठ्या टोपात पेज शिजत ठेवायची, कारण भुकेल्या पोटी कुणाला गाणं सुचत नाही असं तिला वाटे. मग माणसं यायची.

"दुरपदाक्का, हे ऐक."

"वहिनी, हे बघा ना, हे पाखरू उडतंय असं वाटतंय का?"

"अक्का, माझ्या नकलेला मागच्या वेळी कुणीच हसलं नाही गं."

ती ऐकायची. बघायची. ज्याचं मन मोडलं असेल त्याच्या जवळ जाऊन बसायची. संध्याकाळी सगळे हसत-बोलत घरी जायचे, आणि अंगणात उरायचे ते उष्टे वाडगे, पिठाचे कण, गवताच्या काड्या आणि दुरपदा.

कधीकधी हौसा म्हणे, "आण तो हंडा इकडे, मी जाते पाण्याला."

"राहू दे," दुरपदा म्हणे. "मी करते. तू निम्मं पाणी वाटेतच सांडशील."

ती हे हसून म्हणे, पण हंडा सोडत नसे. खरं सांगायचं तर आपल्यासारखं कुणाला जमणार नाही, हे तिला मनातून बरं वाटत असे. पुढे पुढे हौसाने विचारणं सोडलं. इतरांनी तर कधी विचारलंच नव्हतं.

आणि दुरपदाने स्वतः काही करून किती काळ लोटला होता, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

थकवा एका दिवसात येत नाही. आधी तिला पहाटे उठायला जड जाऊ लागलं. मग अष्टमी जवळ आली की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटू लागलं. मग कुणी "अक्का, ऐक" म्हटलं की ती "हं, छान आहे" म्हणे, पण तिच्या कानांत काही शिरत नसे. समोरच्याचे ओठ हलताना तिला दिसत, आणि मनात एकच विचार चालू असे: आता हे सगळे कधी उठतील.

त्या गावात गोमाजी नावाचा एक माणूस होता. दुरपदाच्या नवऱ्याबरोबर तो एकाच मिठागरावर कामाला होता, म्हणून तो तिला वहिनी म्हणे आणि ती त्याला भावजी. गोमाजी सुरुवातीपासून बसायला येई. कुंपणाला टेकून बसे, सगळ्यांचं ऐके आणि निघून जाई. इतक्या वर्षांत त्याने कधी काही आणलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणे, "माझ्या हाताला काही येत नाही."

एका वर्षी थंडी सरता सरता त्याच्या मनात काहीतरी आलं. त्याने खाडीकाठच्या तिवराच्या झाडाची एक सुकी डहाळी तोडली आणि मिठागराच्या कोपऱ्यात, जिथे पाणी अगदी घट्ट होतं तिथे, दोरीने लटकवून ठेवली. रोज काम संपल्यावर तो तिथे जाई, डहाळी थोडी फिरवून ठेवी, कचरा पडला असेल तर काढी. हळूहळू काटक्यांना मिठाचे कण धरू लागले. कणाला कण लागत गेला. उन्हं चढली तोवर त्या सुक्या डहाळीला टोकापासून देठापर्यंत पांढरा मोहोर आला होता. उजेडात धरली की तो मोहोर आतून पेटल्यासारखा चमके.

गोमाजीने ती कुणाला दाखवली नाही. अष्टमीला फडक्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि बसायला निघाला.

त्या दिवशी ऊन करपवून टाकणारं होतं. दुरपदाला रात्रभर झोप नव्हती. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, त्यामुळे एकेका हंड्यासाठी ताटकळावं लागलं होतं. चुलीतली लाकडं ओली निघाली होती. धुराने डोळे चुरचुरत होते. अंगणात माणसं जमली होती, राघोआबांचं ढोलकं चालू होतं आणि कुणीतरी दोनदा विचारून गेलं होतं, "पेज झाली का?"

अशात गोमाजी तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी आणलंय काहीतरी."

"काय?"

"मिठाचं आहे."

"मीठ?" दुरपदा म्हणाली. तिची नजर टोपावर होती. "आता मिठाचा काय दुष्काळ पडलाय का आपल्या गावात, भावजी? ठेवा तिकडे चुलीपाशी."

जवळ बसलेले दोघे-चौघे हसले. दुरपदाच्या अंगणात पहिल्यांदाच कुणी असं हसलं.

गोमाजीने ते फडकं चुलीजवळ, कडेला, अगदी अलगद ठेवलं आणि आपल्या नेहमीच्या जागी कुंपणाशी जाऊन बसला.

थोड्या वेळाने दुरपदाने पेज चाखली. अळणी होती. तिने न बघताच हात लांब केला, फडक्यात घातला, जे हाताला लागलं ते खुडलं आणि टोपात टाकलं. ढवळलं. पुन्हा चाखलं. अजून थोडं हवं होतं. पुन्हा हात घातला. मग वाडगे भरले, वाटले आणि सगळ्यांनी पेज प्यायली. गोमाजीनेही त्याचा वाडगा घेतला. एकेक घोट घेत सगळी पेज संपवली, वाडगा उपडा ठेवला आणि निघून गेला.

संध्याकाळी चूल आवरताना दुरपदाने ते फडकं उचलून झटकलं. आतून डहाळी खाली पडली. एका फांदीवर तेवढा मोहोर शिल्लक होता. बाकीच्या काटक्या उघड्या, ओल्या आणि मोडलेल्या होत्या.

तिने ती उचलून मावळत्या उजेडात धरली. मग ती तिथेच चुलीपाशी खाली बसली.

पुढच्या अष्टमीला गोमाजी आला नाही. आणि मागे हटला तो एकटाच नाही. लहान गावात हसणं लवकर पसरतं. हौसाच्या जावेने त्या दिवशी पाखरं आणली नाहीत, म्हणाली पीठच नीट मळलं गेलं नाही. नकला करणाऱ्याने अंग दुखतं म्हणून सांगितलं. ज्यांना आपलं चांगलं जमतं याची खात्री होती तेवढेच पुढे आले. बाकीचे हात मांडीखाली घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुरपदा मिठागरावर गोमाजीला शोधत गेली. तो फुटलेल्या बांधाला चिखल लावत होता.

"भावजी, मला माफ करा," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"तुम्हाला ठाऊक आहे कशाबद्दल."

गोमाजीने चिखलाचा गोळा बांधावर थापला. "मीठच होतं, वहिनी. पेजेत गेलं. मिठाने दुसरीकडे कुठे जायचं?"

तो हे लागट बोलत नव्हता, म्हणून तर तिला ते फार लागलं.

"पुन्हा कराल तसं?"

"नाही वाटत." त्याने हात धुतले, पंच्याला पुसले. "हसले त्याचं काही नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. पण तुम्ही फडकं उचललंच नाहीत. येताना सगळी वाट मी तोच विचार करत होतो. वहिनी फडकं उचलतील तेव्हा काय म्हणतील."

दुरपदा खाली बघत राहिली. आणि मग तिच्या तोंडून, तिने न ठरवता, निघून गेलं, "मी दमलेय हो, भावजी. फार दमलेय."

"दिसतं ते," गोमाजी म्हणाला.

तिने मान वर केली.

"सगळ्यांना दिसतं, वहिनी. मलाही कधीचं दिसत होतं. पण वहिनी दमल्यात असं कुणी बोललं, की मग पाणी कुणी आणायचं, हे बोलावं लागतं. म्हणून कुणी बोलत नाही. मी तरी कुठे बोललो? कुंपणाला टेकून तुमची पेज पीत बसलो."

दुरपदा घरी परतली ती चिडून. गावावर चिडली, गोमाजीवर चिडली, आणि वाट निम्मी सरल्यावर स्वतःवर चिडली. हौसाच्या हातातून परत घेतलेले हंडे तिला आठवले. इतक्या वर्षांत ती कुणावर रागावली नव्हती. रागावल्यावर तिला अंमळ बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामाला जमले होते, तेव्हा ती बांधावर उभी राहून म्हणाली, "येत्या अष्टमीला माझ्याकडे बसणं नाही."

"का गं अक्का? बरं नाही का?" हौसाने विचारलं.

"बरी आहे. दमलेय."

"मग त्याच्या पुढच्या अष्टमीला?"

"तेव्हाही नाही."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

दुरपदाच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं: बरं, या, करते मी काहीतरी. ते तिने गिळलं. "ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली, आणि वाफ्यात उतरली.

अष्टमी आली. सांगूनही माणसं आलीच, सवयीने. दार बंद बघून कुंपणाबाहेर घोटाळत राहिली. कुणीतरी पाणी मागितलं. दुरपदा आत चटईवर पडून होती. ती उठली नाही. थोड्या वेळाने पावलं लांब गेली. तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटतंय याची लाज वाटली. त्या लाजेतच तिला झोप लागली.

त्यानंतरच्या अष्टम्यांना कुणी आलं नाही. राघोआबांनी ढोलकं खुंटीला टांगलं. सुट्टीच्या दिवशीही माणसं नुसती पडून राहू लागली. पडून राहिल्याने थकवा जात नाही, हे त्यांना कळत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. बांधावर बारीकसारीक कारणांवरून खटके उडू लागले. दोन भाऊ मीठ ओढायच्या एका फळीवरून आठवडाभर बोलले नाहीत.

एके दिवशी हौसा तणतणत आली. "अक्का, तू एकटी दमलीस आणि सगळं गाव मुकं झालं!"

"मी एकटी दमल्याने गाव मुकं होत असेल," दुरपदा म्हणाली, "तर बाई, इतके दिवस गाव बोलत होतं की मीच त्याला बोलतं ठेवत होते?"

हौसा तडक निघून गेली. तिला फार राग आला होता. पण राग घेऊन ती घरी गेली, आणि घरी जाऊन तिने पहिल्यांदा आपल्या अंगणाकडे नीट पाहिलं. लहान होतं. एका बाजूला कोंबड्यांचा खुराडा होता. सावलीला झाड नव्हतं. तरी तिने खराटा घेतला.

पुढच्या अष्टमीला हौसाच्या अंगणात बसणं ठरलं.

दुरपदा आपल्या घरातच होती. कुडाच्या भिंतीपलीकडचं सगळं तिला ऐकू येत होतं. पाणी अर्ध्यातच संपलं, कारण किती लागतं याचा कुणाला अंदाजच नव्हता. ते कुणी आणायचं यावरून वाद झाला. "मी सकाळी एक खेप केली," कुणी म्हणालं. "मग मी काय झोपलो होतो?" दुसरं म्हणालं. मग पेज करपल्याचा वास आला. दुरपदाचे पाय आपोआप दारापर्यंत गेले. तिला टोप उतरवून घ्यायचा होता, वरची चांगली पेज दुसऱ्या भांड्यात काढायची होती, भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये जाऊन बसायचं होतं. तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि तशीच उभी राहिली. पाण्याची दोन घागरींची खेप करण्याहून ते कठीण होतं.

इतक्यात समोरच्या वाटेवरून गोमाजी खांद्यावर कावड घेऊन आला. तो घामाने निथळत होता. तिच्या दाराशी तो क्षणभर थांबला.

"वहिनी, चला," तो म्हणाला. "काही आणू नका. काही करू नका. नुसत्या या."

ती गेली. हौसाच्या अंगणात तिला कोपऱ्यात जागा मिळाली, खुराड्याजवळ. कुणी तिला काही दाखवायला आलं नाही, बहुधा भीतीनेच. ती भिंतीला टेकली. राघोआबांनी ढोलकं काढलं होतं. कातडं सैल पडलं होतं, त्यामुळे आवाज बसलेला येत होता. हौसाच्या जावेने पिठाचं एक पाखरू केलं होतं, त्याची मान एका बाजूला कलली होती. दुरपदा ते बघत होती, आणि बघता बघता तिचे डोळे मिटले. एवढ्या माणसांत, भर दुपारी, ती गाढ झोपून गेली.

ते आधी हौसाच्या लक्षात आलं. तिने गाणं थांबवलं. सगळे वळून बघू लागले. तोंड किंचित उघडं, मान वाकडी, पावलांच्या भेगा उन्हात उघड्या पडलेल्या. अशी दुरपदा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"थांबायचं का?" कुणीतरी हळूच विचारलं.

"नको," राघोआबा म्हणाले. "आपण थांबलो तर ती जागी होईल, आणि जागी झाली की उठून वाडगे घासायला लागेल."

म्हणून ते थांबले नाहीत, पण सगळं हळू झालं. राघोआबा नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवू लागले. हौसा खालच्या पट्टीत गाऊ लागली, आणि तसं गाताना तिलाच आपल्या गाण्यात काही नवं सापडलं.

दुरपदा जागी झाली तेव्हा ऊन कललं होतं. तिच्या मानेखाली कुणीतरी लुगड्याची घडी सरकवली होती, पायांवर चादर होती. वाडगे घासून उपडे घातलेले होते. एक तेवढा तिच्यासाठी भरून झाकून ठेवला होता. पेज करपलेली होती आणि गारही झाली होती. तिने सगळी प्यायली.

त्यानंतर बसणं घरोघर फिरू लागलं. कधी राघोआबांकडे, कधी गोमाजीच्या ओसरीवर, कधी त्या अबोला धरलेल्या दोन भावांच्या सामाईक अंगणात. पाणी ज्याचं त्याने आणायचं, असं ठरलं. कधी कमी पडे, कधी उरे. दुरपदाच्या अंगणात होई तसं नीटनेटकं मात्र पुन्हा कधी झालं नाही.

दुरपदा दरवेळी जाई आणि बहुतेक वेळा झोपून जाई. तिचा थकवा फार जुना होता, तो चार झोपांत निघणारा नव्हता. कुणी तिला उठवलं नाही, आणि 'अक्का, तू काय आणलंस?' असंही कुणी विचारलं नाही. मिठाचे दोन हंगाम असेच गेले.

मग एका अष्टमीला तिला झोप आली नाही. सगळ्यांचं आटोपल्यावर ती चाचरत म्हणाली, "माझ्याकडे दोन ओळी आहेत."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. बिचारीला घाम फुटला. इतकी वर्षं जे कडेला उभे राहत त्यांना काय होत असेल, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने डोळे मिटले आणि म्हटलं,

"खाडीच्या पाण्या रे, जरा हळू हळू चढ,
दमल्या पावलांना रे, थोडी वाट सोड."

"पुढे?" हौसाने विचारलं.

"पुढे अजून नाही."

"असू दे," हौसा म्हणाली. "हेच परत ऐकव."

गोमाजीने मात्र तशी डहाळी पुन्हा कधी केली नाही. तो बसायला येई, पाण्याची कावड आणी, एकदोनदा लाकडाचं काही कोरूनही आणलं. पण तो पांढरा मोहोर गेला तो गेलाच. दुरपदाला ते शेवटपर्यंत सलत राहिलं. कधी कुणी नवं माणूस फडक्यात झाकलेलं काही घेऊन आलं, की ती हातातलं सगळं खाली ठेवून आधी त्या फडक्याकडे बघे.

पुढे ती म्हातारी झाली, आणि एका पावसाळ्यात, मिठागरं बंद असताना, झोपेतच गेली. त्यानंतरची अष्टमी राघोआबांच्या नातवाकडे होती. सगळे आले. काहींनी डोळे पुसले. मग हौसाच्या सुनेने पेज वाढायला घेतली, कुणीतरी उठून पाणी दिलं, आणि मागून एका नव्या मुलीचा आवाज आला, "मी एक आणलंय, पण अर्धंच आहे."

सगळ्यांनी तिला पुढे बोलावलं. आता काय होणार, बसणं मोडणार का, हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही.

तात्पर्य: ज्या अंगणात सगळ्यांनी फुलायचं असतं, त्याची झाडलोट एकट्याच्या माथी मारू नये आणि एकट्याने ती धरूनही ठेवू नये, कारण दमलेल्या डोळ्यांना समोर उमललेलंही दिसत नाही.